इतिहासाच्या शोधनिबंधात तळटिपा आणि अंत्यटिपा कशा द्याव्यात

पाटण तालुक्यातल्या बी.ए., एम.ए.च्या मुलामुलींसाठी आम्ही काही जण सुटीच्या दिवशी विहारात अभ्यासवर्ग घेतो. इतिहास विषय घेतलेल्या मुलांना चर्चासत्रासाठी किंवा प्रकल्पासाठी निबंध लिहावा लागतो, आणि त्यांचे विषय ऐकले की छाती भरून येते. गावातले महार वतन कसे संपले, कोयना धरणात वस्ती उठली तेव्हा आपली माणसे कुठे वसली, आजोबांच्या पिढीने मेलेली जनावरे ओढणे कधी सोडले, गावात पहिले विहार कोणी बांधले. हे विषय कोणत्याही छापील पुस्तकात तयार मिळत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीचा वतनावरचा निबंध परत आला. शेरा होता: 'संदर्भ अपुरे, लेखन भावनिक.' तिला वाईट वाटले आणि आम्हालाही. मग निबंध घेऊन बसलो. तिने फेरफाराचे उतारे स्वतः काढले होते, दोन वृद्ध स्त्रियांशी बोलली होती, बहिष्कृत भारतचे अंक वाचले होते, खैरमोड्यांचे चरित्र चाळले होते. पुरावा सगळा होता. पण निबंधात एकही टीप नव्हती. शेवटी अकरा पुस्तकांची यादी तेवढी होती. कोणते वाक्य कोणत्या कागदावर उभे आहे हे वाचणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता. शेरा कडक होता, पण पूर्ण चुकीचा नव्हता. हा लेख त्या निबंधातून निघाला आहे.

यादी वेगळी, टीप वेगळी

निबंधाच्या शेवटी असते ती संदर्भसूची. आपण काय काय वाचले हे ती सांगते. टीप त्याहून नेमकी असते. या वाक्यातली ही गोष्ट मी अमुक पुस्तकाच्या अमुक पानावरून घेतली, जा आणि बघा, असे ती सांगते. वाक्याच्या शेवटी पूर्णविरामानंतर वर एक छोटा आकडा टाकायचा आणि त्याच आकड्याची टीप द्यायची. ती त्याच पानाच्या तळाशी दिली तर तळटीप. सगळ्या टिपा निबंधाच्या किंवा प्रकरणाच्या शेवटी एकत्र दिल्या तर अंत्यटिपा. मजकूर दोन्हीकडे तोच राहतो, फक्त जागा बदलते.

कोणती निवडावी? ज्या ठिकाणी निबंध द्यायचा त्यांची सूचना असेल तर तीच पाळावी, वाद घालू नये. आपल्याकडच्या बऱ्याच मराठी प्रबंधांत प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी टिपा देण्याची रीत आहे. सूचनाच नसेल तर आमचे मत तळटिपेच्या बाजूने आहे. वाचणारा पान न उलटता पुरावा पाहू शकतो. आपल्या विषयांवर शंका घेणारे वाचक जास्त असतात, त्यांना पुरावा डोळ्यांसमोरच दिसलेला बरा. टिपा फार लांब होत असतील, अर्धे पान त्यांनीच भरत असेल, तर मात्र अंत्यटिपा घ्याव्यात.

आम्ही समाजशास्त्र शिकलो. तिथे टीप नसते, वाक्यातच कंसात आडनाव आणि वर्ष लिहितात. आमची मुले पुष्कळदा तीच सवय इतिहासात आणतात आणि फसतात. बाबासाहेबांचे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' शासनाच्या पहिल्या खंडातून वाचले की कंसात लिहिले जाते '(आंबेडकर, १९७९)'. खंड १९७९ साली निघाला हे खरे. पण मजकूर १९३६ चा आहे आणि महापरिनिर्वाण १९५६ चे. इतिहासात वर्ष हाच तर कणा असतो, तोच असा वाकतो. शिवाय फेरफार नोंदीला लेखक कोण? शाळेच्या दाखल्याला आडनाव कोणाचे? इतिहासाची साधने अशी असतात म्हणून इतिहासकार कंसापेक्षा टीप पसंत करतात. तिच्यात जागा मोकळी असते.

पुस्तक आणि खंड

पुस्तकाच्या पहिल्या टिपेत लेखकाचे पूर्ण नाव, पुस्तकाचे नाव, खंड असल्यास खंड, प्रकाशक, गाव, आवृत्तीचे वर्ष आणि पान हे सगळे यावे. नाव सरळ क्रमाने लिहावे. आडनाव आधी घेणे फक्त सूचीत, कारण सूची अकारविल्हे लावायची असते. पुस्तकाचे नाव तिरप्या अक्षरात असावे, लेखाचे नाव एकेरी अवतरणात. तिरपे अक्षर मराठी फॉन्टमध्ये कधी कधी कुरूप दिसते, तेव्हा ठळक केले तरी चालते, पण मग सगळीकडे ठळकच. शासनाच्या खंडांची टीप अशी होईल:

१. बी. आर. आंबेडकर, 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६), वसंत मून (संपा.), डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस, खंड १, शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई, १९७९, पृ. (तुम्ही पाहिलेले पान).

मूळ वर्ष कंसात आहे आणि खंडाचे वर्ष शेवटी, म्हणजे दोन्हींचा घोळ होत नाही. नुसते 'बाबासाहेब, खंड १' लिहिणारे खूप आहेत. ते चालणार नाही. अठराव्या खंडाचे तर तीन भाग आहेत, मराठी भाषणांचे. भाग न लिहिता पान दिले तर वाचणारा तीन पुस्तके उलटत बसेल. भाषांतर वाचले असेल तर भाषांतरकाराचे नाव द्या आणि त्याच पुस्तकाचे पान द्या. धनंजय कीर यांनी आधी इंग्रजी चरित्र लिहिले, ते १९५४ मध्ये निघाले, मराठी नंतर आले. दोन्हींची पाने जुळत नाहीत, आणि मराठी वाचून इंग्रजीचे पान देणारे आम्ही पाहिले आहेत.

दुसऱ्यांदा तेच पुस्तक आले की सगळे परत लिहायचे नाही. जुन्या मराठी लेखनात अशा वेळी 'कित्ता' लिहीत, पुढे 'तत्रैव' आणि 'पूर्वोक्त' रुळले. तत्रैव म्हणजे लगेच वरच्या टिपेतलेच पुस्तक. आम्ही मुलांना हे शब्द वापरू नका असेच सांगतो. कारण साधे आहे. निबंध सुधारताना मध्ये एक नवी टीप घुसते आणि खालचे तत्रैव भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागते. त्यापेक्षा 'कीर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, पृ.' असे आखूड रूप लिहावे. टिपा कितीही हलल्या तरी ते चुकत नाही. इंग्रजीत शिकागोच्या प्रसिद्ध लेखनपुस्तिकेनेही अलीकडच्या आवृत्त्यांत याच आखूड रूपाला पसंती दिली आहे.

वर्तमानपत्रे

मूकनायक (पहिला अंक ३१ जानेवारी १९२०), बहिष्कृत भारत (३ एप्रिल १९२७), जनता (२४ नोव्हेंबर १९३०) आणि प्रबुद्ध भारत (४ फेब्रुवारी १९५६) ही आपल्या इतिहासाची मोठी खाण. यांच्या टिपेत पत्राचे नाव, अंकाची पूर्ण तारीख, मजकुराचा मथळा आणि पान हवे. नुसते 'बहिष्कृत भारत, १९२७' हे पत्त्यात फक्त तालुका लिहिण्यासारखे आहे. मूळ अंक न पाहता शासनाने पुनर्मुद्रित केलेल्या खंडातून वाचले असेल, तर अंकाची तारीख देऊन पुढे त्या खंडाचे नाव आणि पान लिहा.

शाळेतली नोंदवही आणि 'मध्ये उद्धृत'

साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, बाबासाहेबांचा प्रवेश ७ नोव्हेंबर १९०० रोजी झाला. नोंद 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाने आहे, क्रमांक १९१४. त्या तारखेला २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस साजरा होतो, त्यामुळे ही माहिती दर नोव्हेंबरात सगळ्यांच्या मोबाईलवर फिरते. निबंधात ती लिहायची तर टीप काय द्यायची?

शाळेत जाऊन नोंदवही स्वतः पाहिली असेल तर अशी:

२. प्रतापसिंह हायस्कूल (तत्कालीन सरकारी शाळा), सातारा, प्रवेश नोंदवही, क्र. १९१४, दि. ७ नोव्हेंबर १९००.

पाहिली नसेल, एखाद्या चरित्रात किंवा वर्तमानपत्रात वाचली असेल, तर ही टीप देण्याचा आपल्याला हक्क नाही. तेव्हा ज्या पुस्तकात वाचली त्याचे नाव द्यायचे, किंवा मूळ साधन लिहून पुढे 'अमुक मध्ये उद्धृत, पृ.' असे जोडायचे. मुलांना यात कमीपणा वाटतो. वाटू नये. दुसऱ्याच्या मेहनतीवर आपले नाव लावण्यापेक्षा हे कितीतरी सरळ आहे. चांगदेव खैरमोडे आपल्याच सातारा जिल्ह्यातले. त्यांनी पत्रे, कागद, आठवणी जमवण्यात आयुष्य घातले आणि १९५२ पासून त्यांच्या चरित्राचे खंड निघू लागले. त्यातले पत्र उचलायचे आणि टीप मात्र मूळ पत्र स्वतः पाहिल्यासारखी द्यायची, हे आपल्याकडे सर्रास चालते.

न पाहता टीप उचलली की काय होते याचा एक नमुना घरबसल्या तपासता येईल. 'कास्ट्स इन इंडिया' हा बाबासाहेबांचा निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या वर्गात वाचला गेला आणि मे १९१७ मध्ये इंडियन ॲंटिक्वेरी या नियतकालिकात छापला गेला. त्याचा संदर्भ ठिकठिकाणी 'खंड ४१, मे १९१७' असा दिलेला दिसतो. आता हिशेब करा. इंडियन ॲंटिक्वेरीचा पहिला खंड १८७२ चा, आणि दर वर्षी एक खंड. म्हणजे ४१ वा खंड येतो १९१२ चा, जेव्हा बाबासाहेब अजून अमेरिकेला गेलेही नव्हते. १९१७ चा खंड ४६ वा. रोमन आकड्यांत एक अक्षर गळले की ४६ चे ४१ होतात. कोणीतरी एकदा चुकले, आणि पुढच्यांनी मूळ अंक न उघडता टीप तशीच उतरवली. ग्रंथालयात ४१ वा खंड मागवणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात तो निबंध मिळणार नाही. अशाने एखादा खोडसाळ माणूस म्हणू शकतो, 'बघा, असा लेखच नाही.' आकडा एवढासा, पण राखायचा तो यासाठी.

टिपा नसल्या तर

'द बुद्ध अँड हिज धम्म' हे आपल्या घराघरातले पुस्तक. ते बाबासाहेबांच्या पश्चात १९५७ मध्ये निघाले, आणि मूळ आवृत्तीत कोणता उतारा कोणत्या सुत्तातून घेतला हे दाखवणाऱ्या टिपा नव्हत्या. मग हे खरे बुद्धवचन आहे की बाबासाहेबांचे, असा प्रश्न विद्वान मंडळी विचारू लागली. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना उताऱ्यांमागचे पाली आधार चिकाटीने हुडकले. पुढे शासनाने अकराव्या खंडाला पाली आणि इतर साधनांची पुरवणी जोडली, आणि २०११ मध्ये आकाश सिंग राठोड व अजय वर्मा यांची साधनांसह चिकित्सक आवृत्ती आली. एका पुस्तकाच्या टिपा भरून काढायला इतक्या लोकांची इतकी वर्षे गेली. बाबासाहेबांना वेळ मिळाला नाही, प्रकृती साथ देत नव्हती. आपल्याला ती सबब नाही.

धम्मग्रंथांचा संदर्भ देताना भाषांतराच्या पानावर थांबू नका. निकाय, सुत्ताचा क्रमांक आणि नाव द्या: दीघनिकाय १६, महापरिनिब्बानसुत्त. किंवा मज्झिमनिकाय ८६, अंगुलिमालसुत्त. धम्मपदाला गाथेचा क्रमांक पुरतो. मग वाचणाऱ्याकडे कोणत्याही भाषेतली प्रत असो, जागा सापडते. कोणते भाषांतर वापरले तेही पुढे लिहावेच.

गॅझेटियर, कायदा, फेरफार

सातारा जिल्ह्यावर लिहिणारा प्रत्येक जण मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १९ वा खंड (१८८५) वापरतो. कराडजवळच्या आगाशिवच्या लेण्यांवर लिहायचे तरी सुरुवात तिथूनच होते. स्वातंत्र्यानंतर निघालेले जिल्हा गॅझेटियर वेगळे आहे, म्हणून वर्ष लिहिल्याशिवाय 'सातारा गॅझेटियर' म्हणू नये. संगणकावर टंकलेली प्रत वाचली असेल तर तिच्यात मूळ पाने नसतात, तेव्हा प्रकरणाचे नाव द्यावे आणि पाहिल्याची तारीख टाकावी. पान अंदाजाने घालू नये.

वतनावर लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी नीट वेगळ्या ठेवाव्यात. बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते १९ मार्च १९२८ रोजी. कायदेमंडळातली त्यांची भाषणे शासनाच्या दुसऱ्या खंडात आहेत, टीप तिथली द्यावी. वतने प्रत्यक्ष नाहीशी झाली ती कनिष्ठ गाववतनांच्या १९५८ च्या मुंबई कायद्याने, जो १९५९ चा अधिनियम क्रमांक १ म्हणून ओळखला जातो. कायद्याच्या टिपेत नाव, वर्ष, अधिनियम क्रमांक आणि कलम द्यावे. पान लागत नाही.

तुमच्या गावात त्या कायद्याचे काय झाले हे मात्र फेरफारातच दिसते. त्याची टीप:

३. मौजे (गावाचे नाव), ता. पाटण, जि. सातारा, फेरफार क्र. (…), दि. (…), अभिलेख कक्ष, तहसील कार्यालय, पाटण. नक्कल मिळाल्याची तारीख (…).

शेवटची तारीख लोक गाळतात. ठेवा. नोंदी दुरुस्त होतात, नकलेवर तारीख असली की आपण काय पाहिले ते सिद्ध राहते. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर पाहायला गेलात तर तिथे दप्तर आणि रुमालाचा क्रमांक टिपून घ्या. कागदावरचा मजकूर उतरवण्याआधी क्रमांक उतरवायचा. संध्याकाळी परतीच्या एस.टी.त आठवून आठवत नाही.

आयाबायांच्या मुलाखती

आता सगळ्यात महत्त्वाचे. आपला बराचसा इतिहास कागदावर नाही, तो माणसांच्या तोंडी आहे. जे कागद आहेत ते बहुतेक दुसऱ्यांनी आपल्याविषयी लिहिलेले. कोयनेच्या पाण्याखाली गेलेली वस्ती, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप, धर्मांतरानंतर देव्हारा कधी हलवला, हे सांगणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. त्यांचे सांगणे हे साधनच आहे आणि त्याला पुस्तकासारखीच पूर्ण टीप मिळाली पाहिजे. 'गावातील एका वृद्धेने सांगितले' ही टीप नव्हे. ती म्हातारीची आठवण वाऱ्यावर सोडणे झाले.

टिपेत सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव, मुलाखतीची तारीख आणि जागा, मुलाखत घेणाऱ्याचे नाव, आणि ध्वनिमुद्रण किंवा वही कोणाकडे ठेवली आहे हे यावे. नात्याने त्या आपल्या आजी, मावशी असतील. मजकुरात 'आजी म्हणाल्या' असे खुशाल लिहा, टिपेत मात्र पूर्ण नाव. पण नाव छापायला त्यांची परवानगी हवी, आणि ती कशासाठी हे समजावून घेतलेली हवी. बहिष्कार, मारहाण, जमिनीचा वाद अशा गोष्टीत ज्यांच्याविषयी बोलले जाते ती घरे अजून त्याच गावात असतात. तेव्हा नाव बदलावे आणि टिपेत 'नाव बदलले आहे, मूळ नोंद लेखकाकडे' असे स्पष्ट लिहावे. आमच्या त्या विद्यार्थिनीने एका आजींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, 'घाल की माझं नाव. आता कुणाला भ्यायचं?' दुसऱ्या आजींनी नको म्हटले. दोघींचेही ऐकले.

आठवणीतली तारीख आणि कागदावरची तारीख जुळली नाही तर टिपेत दोन्ही सांगा. अशा वेळी टीप थोडी बोलकी होऊ द्यायला हरकत नाही: आजी साल असे सांगतात, फेरफारात असे आहे, आम्ही फेरफार धरला, कारण अमुक. फक्त अशा बोलक्या टिपा मोजक्याच असाव्यात. मुद्दा महत्त्वाचा असेल तर तो वरच, मजकुरात यायला हवा.

संगणकावर

आकडा हाताने टंकून वर उचलू नका. मध्ये एक टीप वाढली की पुढचे सगळे आकडे चुकतात. वर्डमध्ये रेफरन्सेस या पट्टीत इन्सर्ट फूटनोट आहे. कंट्रोल, आल्ट आणि एफ एकदम दाबले तरी तळटीप येते, एफऐवजी डी दाबले की अंत्यटीप. तळटिपा नंतर अंत्यटिपांत बदलायच्या असतील तर तेही एका आज्ञेने होते. मोबाईलवर गूगल डॉक्समध्ये लिहिणारी मुले खूप आहेत. तिथे तळटीप मिळते, अंत्यटिपेची सोय नाही, म्हणून शेवटचा हात संगणकावर फिरवावा. लिब्रेऑफिस फुकट आहे आणि त्यात दोन्ही आहेत.

मजकूर युनिकोडमध्ये लिहा. काही नियतकालिके अजून जुन्या मराठी फॉन्टमध्ये निबंध मागतात. रूपांतर करताना टिपांचे आकडे हमखास बिघडतात, कधी आकड्याच्या जागी भलतेच अक्षर येते. म्हणून पाठवण्याआधी एक छापील प्रत काढावी आणि दोघांनी बसावे. एकाने मजकुरातला आकडा वाचायचा, दुसऱ्याने टीप वाचून समोरच्या पुस्तकाचे ते पान उघडायचे. चाळीस टिपांच्या निबंधाला एक दुपार जाते. आमच्या विद्यार्थिनीच्या निबंधाला दोन दुपारी गेल्या, त्यात तीन पाने चुकीची निघाली आणि एक अवतरण मुळात सापडलेच नाही. ते तिने काढून टाकले. निबंध आता त्रेपन्न टिपांसह पुन्हा पाठवला आहे.